सुईखालचे पाच वाल: टर्नटेबलसाठी वजनकाटा निवडताना

टर्नटेबलवर रेकॉर्ड वाजवणारी सुई ज्या छोट्या डबीत बसते, ती कार्ट्रिज. ऑर्टोफॉनच्या २एम रेड या कार्ट्रिजचा सुईचा भार १.८ ग्रॅम असावा, असं त्याच्या कागदावर छापलेलं असतं. जुन्या सराफी मापात तीन गुंजांचा एक वाल आणि बत्तीस वालांचा एक तोळा. त्या हिशेबाने हा भार पाच वालांच्या आसपास भरतो, म्हणजे कानातल्या एखाद्या लहानशा कुडीइतका. एवढ्या वजनावर सुईने केसासारख्या बारीक खाचेच्या दोन्ही भिंती सतत धरून ठेवायच्या असतात. तबला कितीही जोरात वाजला, गाणारा कितीही वरच्या सुरात गेला, तरी त्या सुटता कामा नयेत.

नव्याने टर्नटेबल घेतलेले किंवा आजोबांचं मशीन माळ्यावरून खाली काढलेले मित्र मला विचारतात, की हा भार मोजायला कोणता काटा घेऊ? मी त्यांना सांगतो, की साधा काटा चालेल, पण त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्याचा आकडा खरा मानू नका. चार महिने चुकीच्या भारावर रेकॉर्ड वाजवल्यावर मला ही अक्कल आली. ती हकिगत पुढे योग्य जागी सांगतो. आधी मूळ मुद्दा.

भार चुकला तर काय होतं

बहुतेकांना वाटतं, भार जितका कमी तितकी रेकॉर्डची झीज कमी. म्हणून कागदावर १.६ ते २.० अशी मर्यादा दिसली, की नवखा माणूस १.६ वर जातो आणि कधी कधी त्याच्याही खाली, १.४ वर येऊन थांबतो. मला ही सर्वांत नुकसानीची समजूत वाटते. भार कमी पडला की मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेची भिंत सोडते आणि पुन्हा भिंतीवर आदळते. हिऱ्याचं टोक विनाइलवर आदळल्यावर जो ओरखडा उठतो, तो कायमचा. नंतर भार कितीही नीट लावा, त्या जागी खरखर येतच राहते.

भार जास्त झाला तर झीज होते, सुईचा टेकू म्हणजे तो बारीक दांडा आत दबून बसतो आणि आवाज जडसर, बसका होतो. तेही वाईटच. पण थोडा जास्त आणि थोडा कमी यांतून निवडायचं असेल तर मी थोडा जास्त निवडीन, अर्थात कागदावरच्या मर्यादेत राहून.

कमी भार कानाने ओळखता येतो. रेकॉर्डच्या बाजूचं शेवटचं गाणं लावा, लेबलच्या अगदी जवळचं. तिथे खाचेचा घेर लहान होतो, त्यामुळे तोच आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो आणि सुईची कसोटी लागते. गाणाऱ्याचे ‘स’, ‘श’, ‘च’ थुंकी उडाल्यासारखे फुटत असतील, तर सुई साफ करून बघा आणि मग लगेच भार तपासा.

पहिली पायरी: तुमच्या मशीनला काटा लागतो का?

पैसे खर्च करण्याआधी आर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या लांब दांड्याच्या, मागच्या टोकाकडे बघा. तिथे फिरवता येणारं गोल वजन, म्हणजे काउंटरवेट, असेल तर भार बदलता येतो आणि काट्याचा उपयोग आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारख्या स्वयंचलित मशीनमध्ये भार कारखान्यातच ठरवलेला असतो, घरी फिरवायला काही ठेवलेलं नसतं. सूटकेसमध्ये बसणाऱ्या छोट्या प्लेअरचंही तेच. अशा मशीनवर काटा ठेवून आकडा कळेल, पण त्या आकड्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतो.

एचएमव्हीचे जुने घरगुती प्लेअर ही वेगळी जात. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते चुंबकीय कार्ट्रिजपेक्षा बरंच जड चालतं, कित्येक ग्रॅमवर. भार आर्मखालच्या स्प्रिंगने सांभाळलेला असतो आणि पन्नास वर्षांत ती स्प्रिंग सैल झालेली असू शकते. इथे काटा जरूर कामाचा आहे, मात्र तो जास्त ग्रॅम झेलणारा हवा.

मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून मशीन आणलं असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. काउंटरवेट मूळचंच आहे ना? जुन्या मशीनचं हे वजन हरवलेलं असतं आणि कुणीतरी दुसऱ्याच मशीनचं बसवून दिलेलं असतं. त्यावर छापलेल्या ग्रॅमच्या खुणा मग निरर्थक होतात. खुणांचं गणित मूळ वजनावर बेतलेलं असतं. जड वजन बसवलं, तर एका फेऱ्यात भार जास्त बदलतो आणि खूण आपली जुनाच आकडा दाखवते.

वजन मूळचं असलं तरी खुणांची चकती नुसतीच वजनाभोवती फिरते, तिला स्वतःला काही मोजता येत नाही. आधी आर्म हवेत तरंगेल असं वजन जुळवायचं, चकती शून्यावर आणायची आणि मग चकतीसकट वजन फिरवून हवा तो आकडा गाठायचा, अशी ती पद्धत. तरंगण्याचा शून्य जरा चुकला की पुढचं सगळं तेवढंच चुकतं. नीट केलं तर १.८ च्या जागी १.७ किंवा १.९ मिळतो आणि काटा घरात येईपर्यंत तेवढं पुरतं. काटा येईपर्यंत रेकॉर्ड ऐकायच्याच नाहीत, असा हट्ट करू नका.

दुसरी पायरी: आपला आकडा शोधा

भार कार्ट्रिजप्रमाणे ठरतो, टर्नटेबल कुठलंही असो. काही परिचित आकडे देतो. ऑर्टोफॉन २एम रेडसाठी १.६ ते २.० ग्रॅम, शिफारस १.८. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई साठी १.८ ते २.२, शिफारस २.०. डेनॉनच्या डीएल-१०३ साठी २.५, इकडे-तिकडे ०.३. स्वस्त मशीनमध्ये सर्रास आढळणाऱ्या एटी३६००एल साठी २.५ ते ३.५. जुन्या शुअर व्ही१५ टाइप ३ चा भार याउलट ०.७५ ते १.२५ इतका हलका. म्हणजे एका कार्ट्रिजचा योग्य आकडा दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो.

काही कागदांवर भार मिलिन्यूटनमध्ये लिहिलेला असतो. १ ग्रॅम म्हणजे सुमारे ९.८ मिलिन्यूटन, तेव्हा १० ने भागा आणि ग्रॅम समजा, घरकामाला तेवढं चालतं. जुन्या जर्मन मशीनच्या पुस्तिकेत आकड्यापुढे नुसता ‘पी’ दिसला तर तो पाँड. नावावरून इंग्रजी पौंडाचा घोटाळा करू नका, तो एका ग्रॅमचाच भार आहे.

नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी खास सूचना. त्या तबकड्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते आणि तिचा भारही मोठा असतो. व्हीएम९५ मालिकेतल्या ७८ च्या सुईची, एसपीची, शिफारस ५ ग्रॅमची आहे. बाजारातले पुष्कळसे डिजिटल काटे ५ ग्रॅमपर्यंतच मोजतात. तो काटा घेऊन तुम्ही ७८ ची सुई मोजायला बसलात, तर नेमका मर्यादेवर अडकाल. घरात आजोबांच्या अशा शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, तबकड्या असतील तर खरेदीच्या वेळीच १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त झेलणारा काटा बघा.

तिसरी पायरी: काट्यांच्या जाती

सर्वांत साधा म्हणजे झोक्याचा काटा, लहान मुलांच्या सी-सॉसारखा. एका बाजूला सुई टेकवायची खाच, दुसऱ्या बाजूला वजन, मध्ये टेकू. ऑर्टोफॉनचा छोटा प्लास्टिकचा काटा याच जातीचा. प्रसिद्ध नाव मात्र शुअरच्या एसएफजी-२ चं. त्याच्या दांडीवर एक वजन सरकवायचं आणि दांडी समतोल झाली का ते बाजूच्या छोट्या आरशात बघायचं. सुईसाठी त्याला दोन खाचा. टेकूपासून लांबच्या खाचेत सुई ठेवली तर आकडा थेट वाचायचा, जवळच्या खाचेत ठेवली तर दुप्पट करायचा. अंतर निम्मं झालं की तोच समतोल साधायला दुप्पट भार लागतो, भाजीवाल्याच्या तराजूचंच तत्त्व. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुयांचा धंदा बंद केला, त्यामुळे आता जुना नग किंवा त्याची नक्कल एवढंच हाती लागतं.

झोक्याच्या काट्याला बॅटरी लागत नाही, त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, सरकत नाही आणि पावसाळ्यात तो रुसत नाही. खोट दोन ठिकाणी. एक, सुई खाचेत अचूक बसायला हवी, कारण लहान दांडीवर एका मिलिमीटरनेही आकड्यात फरक पडतो. दोन, दांडी डोलत असताना सुईही तिच्यासोबत डोलते आणि सवय नसलेल्या हाताने सुईच्या बारीक दांड्याला धक्का बसू शकतो. माझं मत विचाराल तर थरथरत्या हाताच्या माणसाने हा काटा टाळावा. ज्याला धीर आहे त्याच्यासाठी मात्र हा आयुष्यभराचा सोबती आहे.

दुसरी जात डिजिटल काट्याची. छोटा डबा, पुढे आलेली चिमुकली ताटली, तिच्यावर सुई टेकवायचा ठिपका. आत धातूची एक पट्टी असते, ती भाराने किंचित वाकते आणि त्या वाकण्यामुळे विजेच्या रोधात जो बदल होतो त्यावरून ग्रॅम काढले जातात. साधा नग ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळतो, नावाजलेल्या कंपन्यांचे त्याच्या कित्येक पट महाग. नवख्याला मी हाच सुचवतो. सुई टेकवली, आकडा वाचला, उचलली. सुईला होणारा त्रास सर्वांत कमी.

तिसरी जात नवखे लोक घरातच शोधतात: खिशात मावणारा दागिने तोलायचा काटा, १०० किंवा २०० ग्रॅमचा. वजनात तो वाईट नसतो, अडचण उंचीची. तो रेकॉर्डपेक्षा पुष्कळ उंच असतो, त्यामुळे आर्म वर तिरपा उचलला जातो. काही आर्म तर तेवढे वर जातच नाहीत. यावर काही जण अ‍ॅल्युमिनियमची हलकी पट्टी वाकवून ताटलीपासून बाहेर खाली लोंबती ठेवतात, काटा प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, बाहेर ठोकळ्यावर ठेवतात, पट्टीसकट शून्य करतात आणि पट्टीच्या टोकावर सुई टेकवतात. जमतं, मी करून पाहिलंय. पण पट्टीचं टोक ताटलीच्या मध्यापासून लांब गेलं की काही काट्यांचा आकडा बदलतो, म्हणून माहीत असलेलं वजनही त्याच टोकाशी ठेवून बघायला हवं. स्वयंपाकघरातला काटा मात्र विसरा. तो एक-एक ग्रॅमने उडी मारतो. साखर मोजायला ठीक, सुईला नाही.

चौथी पायरी: विकत घेताना

पडद्यावर १.८० की १.८, याला लोक फार महत्त्व देतात. दोन दशांश स्थळं दाखवणं वेगळं आणि ती खरी असणं वेगळं. कार्ट्रिजवाले स्वतःच निदान ०.४ ग्रॅमची पट्टी देतात. तुम्हाला हवा आहे तो खात्रीचा ०.१ ग्रॅम किंवा त्याहून थोडा बरा. शंभराव्या भागामागे धावण्यात वेळ घालवू नका.

खरी बघायची गोष्ट लोखंड. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमध्ये तर चांगला जोरकस. काट्याच्या ताटलीलाच लोखंड असेल तर ताटली आणि कार्ट्रिज एकमेकांना ओढतात. ती ओढ आकड्यात बरीचशी कटून जाते, पण सुईचा टेकू उगाच दबतो आणि आर्म खाली आपटण्याचा धोका राहतो. ताटली ठीक, पण काट्याचा स्थिर डबा किंवा त्यातले स्क्रू लोखंडी असतील, तर कार्ट्रिज खाली ओढलं जातं, ताटलीवर जादा भार पडतो आणि आकडा फुगतो. फुगलेला आकडा पाहून तुम्ही काउंटरवेट मागे घेता. रेकॉर्डवर ती ओढ नसते, तेव्हा खरा भार कमी पडतो. म्हणजे सगळं सावधपणे करून तुम्ही नेमके त्या वाईट बाजूला पोहोचता. यावर उपाय सोपा: फ्रिजवरचा एखादा चुंबक दोऱ्याला बांधून ताटलीजवळ आणि डब्याच्या पुढच्या भागाजवळ लोंबता धरा. तो तिकडे वळला तर काटा परत करा. हे सगळं टर्नटेबलपासून लांब, दुसऱ्या टेबलावर.

त्यानंतर उंची. ताटलीचा माथा रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या जितका जवळ तितकं उत्तम. आर्मचा तोल त्याच्या वळणबिंदूच्या अचूक पातळीवर असेल तर उंचीने भार बदलत नाही. पण काउंटरवेट खाली लोंबतं असलेल्या आर्ममध्ये सुई वर उचलली की भार वाढतो, वजन वर चढलेलं असेल तर घटतो. काटा रेकॉर्डपेक्षा उंच असेल तर प्लॅटरवरची मॅट काढून ठेवा, दोन-तीन मिलिमीटर तिथेच वाचतात. तुमच्या आर्मला याची किती पर्वा आहे ते घरीच कळतं. मॅटसकट एकदा आणि मॅटशिवाय एकदा मोजा. फरक ०.०५ च्या आत असला तर उंचीची काळजी सोडा.

बाकीचं झटपट. काटा किती सेकंदांत आपोआप बंद होतो ते विचारा, कारण काउंटरवेट फिरवताना अर्ध्यातच पडदा विझला तर फार वैताग येतो. बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी आहे ना ते बघा. सोबत कॅलिब्रेशनचं वजन आणि ते वापरायची सोय असलीच पाहिजे, नाहीतर घेऊ नका. आणि एककाचं बटण कुठे आहे ते लक्षात ठेवा. चुकून दाबलं गेलं तर १.८ ग्रॅमचे ९ कॅरट दिसतात आणि माणूस घाबरून काउंटरवेट फिरवत बसतो.

पाचवी पायरी: काट्याची परीक्षा

आता माझी हकिगत. पहिला डिजिटल काटा आला तेव्हा सोबत पितळेसारखं दिसणारं ५ ग्रॅमचं वजन होतं, वर आकडा कोरलेला. मी पुस्तिकेप्रमाणे त्यावर काटा जुळवला, सुई १.८० वर आणली आणि निश्चिंत झालो. आठवडाभरात एका जुन्या भावगीतांच्या रेकॉर्डवर शेवटच्या गाण्यात ‘स’ फुटायला लागला. मी दोष रेकॉर्डला दिला. ती तीनदा धुतली. मग दुसऱ्या रेकॉर्डवर तेच, मग तिसऱ्या. चार महिन्यांनी एका मित्राने त्याचा झोक्याचा काटा आणला, त्यावर माझी सुई १.६५ च्या जवळपास भरली. कुणाचा काटा खरा? दोघंही सराफाच्या दुकानात गेलो आणि ते ५ ग्रॅमचं वजन त्यांच्या काट्यावर ठेवायची विनंती केली. ते ४.६२ भरलं. मी चुकीच्या मापाने माप जुळवलं होतं, त्यामुळे पडद्यावरच्या १.८० मागे प्रत्यक्षात १.६६ च होता. आकडा कागदाच्या मर्यादेत होता, पण माझ्या थोड्या जुन्या सुईला तो पुरला नाही. भार नीट केल्यावर दोन रेकॉर्ड सुधारल्या. पहिली, जिच्यावर मी सर्वाधिक वेळा सुई फिरवली होती, तिच्या शेवटच्या गाण्यात ती खरखर आजही आहे. ती आईची रेकॉर्ड आहे.

म्हणून सांगतो, सराफाकडे जा. त्यांचे काटे वैधमापनशास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासले जातात, त्यांवर शिक्का असतो आणि सोन्याच्या भावामुळे ते मिलिग्रॅमची भाषा बोलतात. ओळखीच्या दुकानात, गर्दी नसलेल्या दुपारी, नम्रपणे विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. मला तर चहाही मिळाला.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. घरीच एक वजन तयार करा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीतलं तांबं घ्या, प्लास्टिक सोलून. एक मीटर तांब्याचं वजन ९ ग्रॅमच्या आसपास जातं, तेव्हा २२ सेंटिमीटरचा तुकडा २ ग्रॅमच्या जवळ येतो. तो पीळ देऊन घट्ट गुंडाळा, ताटलीवर मावेल अशी लहान गोळी करा आणि सराफाच्या काट्यावर तोला. नेमके २.०० यायलाच हवेत असं नाही. १.९४ आलं तर १.९४ असं चिठ्ठीवर लिहा आणि गोळी चिठ्ठीसकट डबीत ठेवा. तांब्याला चुंबक ओढत नाही आणि ते तुमच्या सुईच्या भाराइतकंच आहे, ही त्यातली खरी गंमत. ५ ग्रॅमवर बरोबर असलेला काटा २ ग्रॅमवर चुकू शकतो. तुम्हाला तो २ ग्रॅमवरच बरोबर हवा आहे. रुपयाचं नाणं वजन म्हणून वापरायचा मोह होतो, पण स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात आणि वेगवेगळ्या मालिकांतल्या एकाच किमतीच्या नाण्यांची वजनंही सारखी नसतात.

घरी आल्यावर गोळी आपल्या काट्यावर, सुई टेकते त्याच ठिपक्यावर ठेवा. पाच वेळा उचला-ठेवा. पाचही आकडे एकमेकांच्या ०.०२ च्या आत असतील तर काटा भरवशाचा आहे, मग तो सराफापेक्षा थोडा कमी किंवा जास्त दाखवत असला तरी. गोळी १.९४ ची आणि काटा २.०० दाखवतो, तर १.८ साठी तुम्ही पडद्यावर १.८६ आणायचं, एवढंच. पण आकडे दरवेळी वेगळे, १.८८, २.०३, १.९१ असे येत असतील, तर त्या काट्याला कुठलीही दुरुस्ती लागू पडत नाही. परत पाठवा.

सहावी पायरी: मोजणी

छताचा पंखा बंद करा. हसू नका, ०.०१ ग्रॅमवर वाचणाऱ्या काट्याला पंख्याचा वारा दिसतो, आकडा सारखा नाचत राहतो. खिडकीही लोटून घ्या.

टर्नटेबल सपाट आहे का ते पाणसळीने बघा. गवंड्याकडे असते तीच, छोटी प्लास्टिकची हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अँप्लिफायरचा आवाज शून्यावर, नाहीतर सुई टेकताना स्पीकरला दणका बसतो. मोटर बंद. प्लॅटर हलू नये म्हणून कडेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. अँटिस्केट, म्हणजे आर्मला हलकेच बाहेर ओढणारी सोय, शून्यावर आणा, नाहीतर आर्म ताटलीवरून बाहेर ओढला जातो. सुईवरचं प्लास्टिकचं झाकण काढलंय ना? हे मी विचारतो, कारण झाकणासकट मोजलेला भार मी पाहिला आहे. सुईच्या टोकावर कापसासारखी धूळ जमली असेल तर मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झाडा.

काटा प्लॅटरवर ठेवा, सुरू करा, मिनिटभर स्थिरावू द्या, शून्य करा. आधी तांब्याची गोळी ठेवून बघा, मग काढा, पुन्हा शून्य. आता आर्म बोटाने न धरता वर-खाली करायच्या दांडीने सुई ठिपक्यावर उतरवा. दांडी पूर्ण खाली गेली आहे ना आणि आर्म तिच्यावर टेकलेला नाही ना, हे वाकून बाजूने बघा. आर्म अर्धवट दांडीवर असला तर आकडा कमी दाखवतो, आणि नवख्यांच्या बहुतेक ‘काटा बिघडलाय’ तक्रारींचं मूळ हेच असतं.

आकडा वाचा, सुई उचला. काउंटरवेट फिरवायचं ते सुई उचललेली आणि आर्म त्याच्या खुंटीला अडकवलेला असताना. सुई काट्यावर टेकलेली असताना वजन फिरवलं तर तो धक्का थेट टेकूला बसतो. केसभर फिरवा, पुन्हा मोजा. शिफारशीच्या आकड्याला ०.०५ च्या आत आलात की थांबा. शेवटी तीनदा मोजून मधला आकडा घ्या. मग अँटिस्केट त्याच आकड्यावर परत लावा, हे विसरू नका.

स्प्रिंगने भार लावणारे काही आर्म असतात. त्यांत काउंटरवेट फक्त शून्याचा तोल साधतं आणि भार वेगळ्या बटणाने द्यायचा असतो. तिथे काउंटरवेट फिरवून भार आणायला जाऊ नका.

कार्ट्रिजला पुढे छोटा ब्रश असेल तर तोही रेकॉर्डवर टेकतो आणि भारातला काही वाटा स्वतःवर घेतो. अशा कार्ट्रिजच्या कागदावर ब्रशसाठी किती जादा धरायचं ते दिलेलं असतं, तेवढं मिळवा.

पुन्हा कधी मोजायचं

नवी सुई बसवली की. टर्नटेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं की. घरात लहान मुलं असतील तर ती आर्मशी खेळल्याचा संशय आला की, म्हणजे बऱ्याचदा. नव्या सुईचा टेकू पहिल्या काही तासांत थोडा सैलावतो, म्हणून वीस-पंचवीस तास वाजवल्यावर एकदा मोजून घ्या. एरवी वर्षातून दोनदा पुरे. मी पाऊस सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत मोजतो.

आणि मोजून झालं, की त्याच रेकॉर्डचं तेच शेवटचं गाणं पुन्हा लावा. काट्याने बरोबर म्हटलं आणि ‘स’ अजूनही फुटत असेल, तर मर्यादेच्या आत ०.१ ग्रॅम वाढवून बघा. तरीही फरक पडला नाही तर सुई झिजली असेल किंवा ती खाच आधीच दुखावलेली असेल. दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून बघा. तीही तशीच वाजली तर सुई बदला. ती स्वच्छ वाजली तर पहिल्या रेकॉर्डच्या पाकिटावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा, पुढच्या वेळी भारावर संशय घेऊन अर्धी रात्र घालवावी लागत नाही.